डाव्या बाजूचं माप

मी दुकानातली बाहुली बोलतेय. खेळण्यातली नव्हे. कापडाच्या दुकानात साडी नेसवून उभी करतात ना, माणसाच्या उंचीची, ती. कुणी मला पुतळा म्हणतं, कुणी डमी. माझं सगळं आयुष्य बायकांमध्ये गेलं, म्हणून मी स्वतःला बाईच समजते. आवाज दमलेला वाटला तर राग मानू नका. फायबरलाही थकवा येतो. फक्त चेहऱ्यावर दिसत नाही, कारण चेहरा साच्यातला असतो.

तो साचा मुंबईकडच्या एका शेडमधला. चिकट रसायन, त्यावर काचेच्या धाग्यांची जाळी, मग दोन अर्धुकं एकमेकांना जोडली आणि बाई तयार. माझी कंबर किती, छाती केवढी, हे तिथल्या कुणीतरी ठरवलं होतं. तशी कंबर आणि तशी छाती असलेली एकही बाई पुढे मी दुकानात येताना पाहिली नाही.

साताऱ्याच्या खणआळीत गंगाधरकाकांनी मला पहिल्यांदा उभं केलं. काका मूळचे वाईचे. हळू बोलणारे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालणारे. त्यांच्या दुकानात फक्त नऊवारी मिळायची. कुणी सहावारी मागितली तर काका शेजारच्या दुकानाकडे बोट दाखवायचे. "एकच वस्तू विकायची," ते म्हणायचे, "पण त्या वस्तूसाठी माणसाला आपलंच दार आठवलं पाहिजे." कोरेगाव, रहिमतपूर, मेढा, कुठून कुठून आज्या यायच्या. दाराशी चपला काढून गादीवर बसायच्या आणि माझ्या अंगावरचा काठ दोन बोटांत धरून निरखायच्या. मला ते आवडायचं. त्या बोटांना कापड कळत होतं.

पुढे आज्या कमी झाल्या. दुसऱ्या दुकानात गेल्या असं नाही, कमीच झाल्या. त्यांच्या सुनांना सणापुरती नऊवारी हवी असायची, तीही शिवलेली, आणि ती फोनवर मागवता यायची. काकांचा मुलगा पुष्कर पुण्याहून यायचा तेव्हा म्हणायचा, "बाबा, कुर्ते ठेवा, ड्रेस मटेरियल ठेवा." काका मान हलवायचे. एका दुपारी रिकाम्या गादीकडे बघत ते म्हणाले, "गिऱ्हाईक म्हातारं होतं रे पुष्कर. माझं दुकानही त्याच्याबरोबरच म्हातारं झालं."

दुकान बंद झालं. काउंटर, आरसा आणि मी विकायला निघालो. आम्हाला घ्यायला विश्वजीत आला.

विश्वजीत विट्याजवळच्या एका गावचा. नुकताच फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन घरी आलेला. त्याच्या गावातली निम्मी माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली. त्याचा थोरला भाऊही तिकडे तमिळनाडूत होता आणि याला बोलवत होता. पण विश्वजीत म्हणाला, इतकी वर्षं बाहेरच काढली, आता बायकोजवळ राहून काय होईल ते करीन. बायको संयोगिता. ती घरी ब्लाऊज शिवायची आणि तिचा हात चांगला होता. निवृत्तीचा सगळा पैसा घालून दोघांनी सांगलीत एक गाळा घेतला. टेम्पोत आरशाशेजारी आडवी पडून मी सांगलीला आले.

विश्वजीत धंद्याच्या शिबिराला जायचा. तिथले सर सांगायचे, सगळ्यांना सगळं विकायला जाऊ नका, एक लहानसा कोपरा निवडा, तिथे दुसरं कुणी नसलं पाहिजे. त्या कोपऱ्याला इंग्रजीत एक शब्द होता. तो विश्वजीत उत्साहानं घरी घेऊन आला.

"संयोगिता, आपल्याला आधी आपला नीच शोधला पाहिजे."

संयोगिता मशीनवरून उठलीच. "कुणाला नीच म्हणताय आवं?"

"अगं शिवी न्हाई ती. नीश, नीच, काय म्हणत्यात ते. म्हणजे आपला असा खास माल."

"ब्लाऊज शिवतीय की मी."

"ब्लाऊज काय, गल्लीगल्लीत शिवत्यात. वेगळं पायजे काहीतरी."

मग ते वेगळं शोधणं सुरू झालं आणि त्याचं सगळं ओझं माझ्या अंगावर आलं. आधी शाळेचा गणवेश. मोठ्या बाईच्या अंगावर निळा पिनाफोर चढवला. रस्त्यावरची पोरं मला हसली. शाळांचे कपडे पुरवणारे ठरलेले असतात, हे नंतर कळलं. मग कॉलेजच्या पोरींचे आखूड टॉप. पोरी यायच्या, आरशात फोटो काढायच्या आणि तोच टॉप फोनवर स्वस्त शोधत बाहेर पडायच्या. मग नवरात्रासाठी आरशांचे घागरे. ते वजन मी दिवाळी उलटून गेली तरी पेलत होते. मग व्यायामाच्या तंग विजारी. दर वेळी विश्वजीत रंगाऱ्याला बोलवायचा, पाटी नवी व्हायची, माझे कपडे उतरायचे, नवे चढायचे. माझी एक करंगळी त्याच धांदलीत गेली.

घर चालत होतं ते मागच्या पडद्याआड. तिथे संयोगिता ब्लाऊज शिवत होती. पण त्याला दोघंही धंदा म्हणत नव्हते.

विजारींचाही माल पडून राहिला तेव्हा विश्वजीतनं मला काचेतून काढून त्या पडद्यामागे नेऊन ठेवलं. अंगावर काही नव्हतं. त्याच आठवड्यात राहीबाई आल्या.

पलूसकडच्या, उसाच्या घरातल्या. हाडापेरानं मोठ्या, रापलेल्या. एका हातानं पदर छातीशी गच्च धरलेला.

"ब्लाऊज शिवायचाय का मावशी?"

"व्हय. पर माप हितं नगं. आत चल."

पडदा सारून दोघी आत आल्या. राहीबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पाठ फिरवून पदर सोडला. मग ब्लाऊजची बटणं काढली. आतून जुन्या लुगड्याचा एक बोळा खाली पडला. डाव्या बाजूला छाती नव्हती. बरगड्यांवरून काखेपर्यंत एक ओढलेली शिवण होती, माणसाच्या कातड्याची.

"गाठ हुती. दवाखान्यात समदंच काढलं," राहीबाई म्हणाल्या. "बोळा भरती मी, पर चालताना वर सरकतोय. जावंच्या पोराच्या साखरपुड्यात पार गळ्यापाशी आला. समदा येळ पदर धरून बसले बघ. जेवले बी न्हाई."

संयोगिताच्या तोंडून 'अरेरे' आलं नाही, याचं मला आजही बरं वाटतं. तिनं टेप हातात घेतली.

"डावा हात किती वर येतोय, मावशी?"

"निम्मा."

"सुजतो पण का?"

"सांजचं लय सुजतोय. बाही काचती."

"मग ह्या बाजूची बाही सैल ठेवते. आतनं मलमल लावते, शिवणीला घासायची न्हाई."

तिनं डाव्या बाजूचं माप निराळं घेतलं, उजव्या बाजूचं निराळं. ब्लाऊजच्या आत एक खिसा शिवला आणि त्यात बसेल अशी गोल पिशवी. पिशवी हलकी असली तर तो खांदा वर उचलतो, जड असली तर ब्लाऊज ओढला जातो. दुसऱ्या बाजूच्या तोलाची हवी. घरात मोहरी होती, तिनं ती भरली. राहीबाईंनी आरशात बघितलं. आधी समोरून, मग बाजूनं, मग परत समोरून. पदर धरलेला हात खाली आला. नाकाचं पाणी पुसून निघून गेल्या.

खुरपणी आटोपल्यावर परत आल्या त्या हसतच.

"पोरी, ब्लाऊज तू झकास शिवलास. पर घाम पिऊन पिऊन मोहरी फुगली. परवा बघतीय तर पिशवीतनं मोड आल्याती! म्हटलं, आता हितंबी रान सुरू झालं."

दोघी इतक्या हसल्या की विश्वजीत पडद्याबाहेरून "काय झालं गं?" म्हणून ओरडला. त्याला त्या दिवशी कळलं. तो तसाच बाजारात गेला आणि बारीक काचमणी घेऊन आला. "हे धुता येतील. फुगणार बी न्हाईत," एवढंच बोलला.

मण्यांची पिशवी जमली. संयोगिता पैसे घेईना. राहीबाईंनी नोट तिच्या मशीनच्या पाट्यावर ठेवली आणि वर कात्री ठेवली.

"मावशी, तुमच्या आजारपणावर मी कसला धंदा करू?"

"फुकाट दिलास तर म्या परत कशी येऊ? मला लाज वाटंल. पैसं घे. मंग ह्यो ढिला झाला, त्यो काचला, असं भांडाय तरी येईन."

संयोगितानं पैसे घेतले.

राहीबाईंनी दवाखान्यात बरोबर होत्या त्या बायकांना सांगितलं. एक आली, मग आणखी एक, मग वाईहून एक शाळेतली बाई बस बदलत बदलत आली. प्रत्येकीची शिवण वेगळी, उरलेलं अंग वेगळं. दर वेळी त्यांना उघडं उभं करून ब्लाऊज घालून-काढून बघणं संयोगिताला बरं वाटेना. आणि माझ्यावर तो बसत नव्हता. माझी छाती मुंबईच्या साच्यातली.

एका सकाळी विश्वजीतनं करवत आणली. संयोगितानं माझ्या अंगावर खडूनं रेघ मारली. "हळू हं," ती म्हणाली, जणू मला भूल दिलेली होती. करवत लागल्यावर पांढरी भुकटी उडाली. मला दुखलं नाही. दुखायला मी पुरेशी माणूस नव्हते. पण डावी बाजू अंगावरून निघून जमिनीवर पालथी पडली, तेव्हा आतल्या पोकळीत पहिल्यांदा वारा शिरला. ते मी विसरले नाही. विश्वजीतनं तिथे फायबरचा सपाट पत्रा बसवला, सांध्यांत लांबी भरून घासून गुळगुळीत केला.

त्या दिवसापासून बायका आत आल्या की आधी मला बघायच्या. काही जणी माझ्या सपाट बाजूवर हात ठेवायच्या. काठ बघणाऱ्या बोटांपेक्षा ही बोटं वेगळी होती. थंड असायची.

विश्वजीतला आता उमगलं की जे शोधत होतो ते हेच. त्यानं पाटी पुन्हा रंगवून घेतली आणि शिबिरात जाऊन बोलला. सर एकदम खूश झाले. सांगलीतल्या एका मंगल कार्यालयात नव्या उद्योजकांचा मेळावा होता, तिथे हे दाखवाच म्हणाले.

संयोगिता आधी नको म्हणाली. मग म्हणाली, "पण बाकीच्या बायकांना कळणार तरी कसं? बोळं भरत बसल्या असतील बिचाऱ्या." तिच्या मनातही तेच होतं, म्हणून ती गेली. मलाही नेलं.

व्यासपीठावर माझ्या अंगावर मोरपंखी ब्लाऊज होता आणि मागच्या पडद्यावर दुकानाचं नाव. समोर खुर्च्यांवर बहुतेक पुरुष. सर माईक घेऊन बोलत होते. कोपरा कसा निवडावा, स्पर्धक नसलेला बाजार कसा ओळखावा. बोलता बोलता ते माझ्याजवळ आले आणि आतला खिसा दाखवायला त्यांनी माझे हुक काढायला सुरुवात केली. एक, मग दुसरा. समोर फोन वर झाले. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, त्याला दुसऱ्यानं साथ दिली.

संयोगिता व्यासपीठावर चढली. सरांना बाजूला व्हा असंसुद्धा म्हणाली नाही. मधे घुसली, माझे हुक लावले, अंगावरची शाल काढून मला गुंडाळली आणि विश्वजीतकडे बघितलं. तो धावत आला. एकीनं खांदे धरले, एकानं पाय. सर माईकमध्ये म्हणत होते, "अहो ताई, विषय संपू द्या." संयोगिता फक्त एवढंच बोलली, "ह्यो विषय न्हाई. बाई हाय."

पण फोटो निघाले होते. दुकानाच्या नावासकट ते गावोगाव फिरले, आणि बायका यायच्या बंद झाल्या. वाईच्या बाईंनी शिवायला दिलेलं कापडसुद्धा न्यायला कुणी आलं नाही. विश्वजीत रोज कुलूप उघडायचा, झाडायचा, बसायचा. भावाचे फोन यायला लागले, "येतोस का मग?" एकदा मी त्याला "बघतो दादा" म्हणताना ऐकलं. संयोगितानं ऐकलं की नाही, माहीत नाही. तिचं मशीन मात्र थांबलं.

अशात राहीबाई आल्या. बाहेरची पाटी बघून आल्या होत्या. पाटीवर ते सगळं लिहिलेलं होतं, आजाराच्या नावासकट.

"गावात समद्यांनी बगितलं," त्या म्हणाल्या. "आता ह्या दारात पाय ठिवला की कळतंय, बाई कशापायी आली."

विश्वजीत उठून उभा राहिला. "मावशी, चूक माझी हाय."

"हाय की. पर आता रडून काय? ती पाटी काढ आधी. सुया ठेव, दोरं ठेव, बटणं, परकर, फॉल. समद्या बायका दारात येऊ देत. त्यांच्यातनं आमी बी येऊ."

"पण मावशी, ते तर सगळेच इकत्यात..."

"म्हणूनच म्हणतीय रं."

फक्त एकच माल ठेवायचा, असं विश्वजीत इतके दिवस शिकला होता. आणि इथे त्या एका मालासाठी भोवती सगळं साधंसुधं ठेवावं लागणार होतं. त्यानं दुपारीच शिडी लावून पाटी उतरवली.

धंदा हळूहळू उभा राहिला. बाहेर बटणं, परकर, पिको-फॉल. आत पडद्यामागे मी. काही बायका सुईदोरा घ्यायला येतात आणि काउंटरवर रेंगाळतात. संयोगिताला ते ओळखता येतं. ती म्हणते, "आत या की, नवीन मलमल आलीय, दाखवते." विश्वजीतच्या गावच्या सोनं गाळणाऱ्यांच्या बायका तमिळनाडूत, बंगालमध्ये, कुठे कुठे आहेत. त्यांच्याकडून बोलणं तिकडच्या बायकांपर्यंत गेलं, आता फोनवर मापं येतात. पिशव्यांत मणी विश्वजीत भरतो. भावाला त्यानं कळवून टाकलं, येत नाही म्हणून. शिबिरवाल्या सरांचा एकदा फोन आला होता, मुलाखत द्या म्हणून. त्यानं दुकानात गर्दी आहे सांगून ठेवला. तेव्हा दुकानात कुणीच नव्हतं.

एवढं सगळं झालं तरी या धंद्यात एक गोष्ट आहे, तिनं मी थकते. इथे गिऱ्हाईक यायचं थांबलं की दोनच अर्थ असतात, बाई बरी आहे किंवा बाई राहिली नाही, आणि विचारायची सोय नसते. संयोगिता मापाचा कागद काढते, बघते, परत ठेवून देते. काही जणींचे ब्लाऊज शिवून तयार आहेत, वरच्या फळीवर. ते ती दुसऱ्या कुणाला देत नाही.

उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर दिसायला लागले तेव्हा राहीबाईंची सून दुकानात आली. तिला स्वतःचा साधाच ब्लाऊज शिवायचा होता. माप देताना म्हणाली, "आत्या गेल्या, ताई. दुसऱ्या बाजूला बी आलं हुतं." थोडं थांबून म्हणाली, "तुमी शिवलेला हिरवा ब्लाऊज घालूनच न्यायचं, असं त्यांनी आधीच सांगून ठिवलं हुतं. पिशवी काढू नगा म्हणाल्या."

संयोगितानं टेप खाली ठेवली. माझ्या खांद्याला धरून उभी राहिली. मला तेवढंच करता येतं, उभं राहणं, म्हणून मी राहिले.

आता माझ्या एका हाताला बोटं नाहीत. नाकाचा रंग गेलाय. टाचेखाली विश्वजीतनं लाकडी पाचर ठोकलीय, नाहीतर मी कलते. बदलून नवी आणू, असं तो अधूनमधून म्हणतो. आणावी. मी अडवणार नाही. बायकांचं दुःख बघून बघून डोळे शिणतात, रंगवलेले असले तरी.

पण परवाची गोष्ट सांगते. कोयनानगरकडून एक बाई आली, तरुण, नवरा बरोबर. तो दाराबाहेरच खांबाला टेकून उभा राहिला. आत मापं झाली, कापड ठरलं, संयोगितानं किंमत सांगितली.

"एवढं?" बाई म्हणाली. "काही कमी करा की ताई. दोन शिवतीय ना. एक रोजचा आन एक लाल, भावाच्या लग्नाला. वैशाखात हाय."

संयोगिता भाव कमी करत नाही. पण त्या बाईनं सोडलं नाही. अस्तर तरी फुकट द्या म्हणाली, मग बाहीला लेस तरी लावा म्हणाली. शेवटी तिनं पडद्यातून डोकं काढून नवऱ्यालाच हाक मारली, "आवं, तुमी या हिकडं, सांगा ह्यांना काही!" तो बिचकत आत आला. माझ्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि घसा खाकरून म्हणाला, "लेस तरी लावा बगा, ताई."

संयोगितानं लेस कबूल केली. ती दोघं गेल्यावर बराच वेळ तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. "भांडली गं," ती मला म्हणाली. "वैशाखापातूरचं भांडली."

तुम्ही सांगलीत असाल आणि एखाद्या साध्याशा दुकानाच्या काउंटरवर एक बाई बटणांचा डबा उगाच चाळत उभी दिसली, तर तिच्याकडे रोखून बघू नका. काय हवंय म्हणून विचारूही नका. तुमचा दोरा घ्या आणि बाजूला व्हा. तिला आत यायला जरा वेळ लागतो. मी आहे आत.